यजमान अज्ञात

माशीचं वर्णन लिहायला बसलं की हेमांगीला दुसऱ्या कशाचं भान राहत नसे. डोळ्यांमधलं अंतर, सोंडेची लांबी, पंखांवरच्या शिरांची वळणं, सगळं मोजायचं, मोजलेलं पुन्हा मोजायचं आणि मग एक कोरडं वाक्य लिहायचं. दिल्लीतल्या त्या सरकारी कीटकसंग्रहात तिची उमेदीची वर्षं अशीच गेली. छापून मात्र नाव यायचं विभागप्रमुखांचं, डॉ. सूर्यकांत यांचं. तिचं नाव त्यांच्या मागे, कधी कधी तळटीपेत.

सूर्यकांत सर मूळचे अमरावतीचे. हेमांगी लग्नानंतर आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये राहायला आली, तेव्हा "आपलं माणूस आहे" म्हणून त्यांनीच तिला विभागात घेतलं होतं. ते उपकार त्यांनी तिला कधी विसरू दिले नाहीत. बोलायला लागले की समोरच्याचा चहा गार होई. हसायचे ते तोंड सताड उघडून, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं.

ही माशी तिला मार्चमध्ये सापडली, फरिदाबादच्या पलीकडे, अरवलीच्या एका उजाड टेकाडावर. सगळीकडे विलायती बाभूळ, दगडाच्या क्रशरची धूळ, खाली दूरवर नव्या टॉवरांच्या रांगा. माशी बी-फ्लायच्या कुळातली. अंगभर लव, पुढे सुईसारखी सोंड, लांबून बघितली तर मधमाशीच वाटावी. या कुळातल्या माश्या हवेत एका जागी तरंगत राहतात आणि जमिनीत बिळं करणाऱ्या मधमाश्यांच्या दारात अंडी टाकतात. अळी बिळात शिरते आणि यजमानाची, म्हणजे त्या मधमाशीची, पिल्लं खाऊन मोठी होते. एवढं पुस्तकात आहे. या माशीला आवाज नव्हता, हे पुस्तकात नव्हतं. कानाशी येऊन तरंगली तरी गुणगुण नाही. उलट ती जवळ आली की क्रशरची घरघरही दबल्यासारखी वाटे.

टेकाडावरच्या मधमाश्या बिळांमधून ये-जा करत होत्या, पायांना पिवळा पराग लागलेला. हेमांगीने एक धरून तळहातावर घेतली, तर तिच्या श्वासानेच ती कोंड्यासारखी उडून पडली. प्रयोगशाळेत टाचणी टोचली, ती कांद्याच्या वाळक्या सालीतून जावी तशी गेली. मायक्रोस्कोपखाली तिने मधमाशीचं पोट उघडलं.

आत काही नव्हतं. आतडं नाही, स्नायू नाहीत. स्वच्छ, कोरडी पोकळी.

आणि पाय हलत होते. हेमांगी संध्याकाळी घरी निघाली तेव्हाही ते हलत होते, सावकाश, पराग झटकावा तसे.

दुसऱ्या दिवशी तिने सरांना सांगितलं.

"पिल्लं नाही सर, ही माशी मोठ्या मधमाश्यांना आतून खाते. आणि खाऊन झाल्यावरही त्या... कामं करत राहतात."

सर खदखदून हसले. "अरे यार हेमांगी, उन्हात फार फिरू नकोस. यजमान अज्ञात, असं लिही आणि मोकळी हो."

"पण मी स्वतः बघितलंय."

"बघितलं असशील. छापायचं काय ते मी ठरवतो. आणि हो, माशीला नाव सचिवसाहेबांच्या आईचं द्यायचंय. गेल्या महिन्यात वारल्या बिचाऱ्या. साहेब खूश होतील."

"सर, निदान या वेळी पहिलं नाव माझं..."

"तुझं आहे ना. दुसरं."

हेमांगी आपल्या टेबलाशी परतली. 'यजमान अज्ञात' असं तिने लिहिलं. अपमान गिळायची सवय तिला होतीच. त्या दिवशी मात्र तो खाली उतरेना.

शोधनिबंध पाठवायच्या दिवशी सर स्वतः प्रयोगशाळेत आले. पहिलं पान त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं होतं. खिडकीशी टेकाडावरच्या मातीचा डबा होता. त्यातल्या कोशांमधून माश्या बाहेर येतील म्हणून हेमांगीने तो ठेवला होता. डब्यावरची जाळी एका कोपऱ्यात उचकटलेली तिला दिसली. ती हातजाळी घेऊन उठली, एवढ्यात सरांचा आवाज जरा खाली गेल्यासारखा वाटला.

माशी त्यांच्या चेहऱ्यासमोर तरंगत होती.

कागदात डोळे घातलेल्या सरांना ती दिसत नव्हती. आपलंच नाव वाचताना त्यांना हसू आलं. तोंड सताड उघडलं.

माशीने पोट खाली वाकवलं. तीळ पेरावा तसा हलका झटका दिला. पुन्हा एकदा दिला.

हेमांगीच्या हातात जाळी होती. हात लांब करायचा, बस्स.

तिने हात लांब केला नाही.

"काय बघतेस?" सरांनी विचारलं.

"काही नाही, सर."

मे महिन्यात सरांचं हसणं थांबलं. ऑफिसात कुणी तक्रार केली नाही. पावसाळ्यात ते कमी बोलू लागले, मग दुसऱ्याचं ऐकून घेऊ लागले. अडवून ठेवलेल्या रजा त्यांनी मंजूर केल्या. समोरचा चहा मात्र तसाच राहायचा, आणि खोकले की रिकाम्या पिंपावर टकटक केल्यासारखा आवाज यायचा. दोन मोठ्या हॉस्पिटलांच्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. "साहब तो संत हो गए," शिपाई म्हणायचा. हेमांगी मान हलवायची. घरी जयदीपला, नवऱ्याला, सांगावं असं तिला अनेकदा वाटलं. एकदा सुरुवातही केली.

"सरांच्या घशात त्या दिवशी..."

"यार, घरी तरी त्या माणसाला सोड," तो म्हणाला. तिने सोडलं.

दिवाळीनंतर सर यायचेच बंद झाले. मग चंद्रप्रभाबाईंचा, त्यांच्या बायकोचा, फोन आला.

"यजमानांनी बोलावलंय तुला. रविवारी ये. मटार करंज्या करते."

त्या राहायच्या दिल्लीच्या हद्दीबाहेर, वैशाली नावाच्या वसाहतीत. हेमांगी मेट्रोतून उतरली तेव्हा धुरक्यातून ऊन नुकतं कुठे दिसू लागलं होतं. बाल्कनीत सर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. चेहरा तुकतुकीत, एक सुरकुती नाही. शेजारी पाटावर चंद्रप्रभाबाई मटार सोलत होत्या. संधिवाताने त्यांची बोटं वाकडी झाली होती, शेंग उघडायलाही त्यांना वेळ लागत होता.

"लग्न झाल्यापासून एवढी शांतता मी पहिल्यांदा बघतेय गं," त्या हळूच म्हणाल्या. "नजर लागू नये. उलटून एक शब्द नाही. बोलावलं की येतात, बसवलं की बसतात."

"हेमांगी," सर म्हणाले. आवाज छातीतून येत नव्हता, ओठांच्या जरा आतूनच येत होता. "तो निबंध मी परत मागवलाय. पहिलं नाव तुझं. एकटीचंच. माशीचं नाव तू ठेव, तुला हवं ते."

इतकी वर्षं हेच ऐकायचं होतं. ती थांबली, आनंद होईल म्हणून. झाला नाही. हा समोरचा माणूस तिचं काहीच देणं लागत नव्हता. ज्याच्याकडून हे हवं होतं त्याचा पत्ताच नव्हता, आणि आता भांडायचं तरी कुणाशी?

"सर, त्या दिवशी मी बघितलं होतं," ती एकदम म्हणाली. "माशीला. माझ्या हातात जाळी होती."

"अच्छा," सर म्हणाले.

"मी तिला हाकललं नाही."

"बिल्कुल ठीक," ते म्हणाले आणि हसले. ओठ मिटूनच. मांडीवरचे त्यांचे हात सावकाश हलत होते, एकावर एक, काहीतरी झटकावं तसे.

चंद्रप्रभाबाईंनी वर पाहिलं. "बघ, बोलता बोलता ऊन सरकलंसुद्धा."

मटाराचं पातेलं एका हाताने छातीशी धरून त्या गुडघ्यावर भार देत उठल्या. दुसऱ्या हाताने त्यांनी खुर्चीची पाठ धरली, ती सरांसकट अलगद उचलली आणि उन्हात नेऊन ठेवली.