सुताराच्या घरावरून वळा

ताईच्या गावात पत्ता विचारायची सोय नाही. पहिल्यांदा आलो तेव्हा बसथांब्यावरचा चहावाला म्हणाला, "सुताराच्या घरावरून डावीकडे वळा."

"सुताराचं घर कुठंय?"

"ते दरडीखाली गेलं की. पण वळायचं तिथूनच."

मी रस्त्यांची आखणी करतो. असल्या पत्त्यांनी माझं डोकं फिरतं. टेकडी खाली आली तेव्हा गावाची खालची आळी सगळीच्या सगळी गाडली गेली, त्याला एक पिढी उलटली. आता तिथे मोकळं सपाट रान आहे, विरळ गवताचं. ना भिंत, ना जोतं. तरी त्यातून सरळ कुणी जात नाही. पोस्टमन सायकल हातात धरून काटकोनात वळतो. दूधवाली एका ठिकाणी मान खाली घालते, कारण तिथली वळचण म्हणे फार खाली होती. मला हसू आवरायचं नाही.

दाजीही हसायचे. मागच्या उन्हाळ्यात पैज लावून ते भरदुपारी सरळ रानातून निघाले. अर्ध्यापर्यंत सगळ्यांना दिसत होते, मग दिसले नाहीत. घर सोडून गेले, असं पोलिसांनी ठरवून टाकलं. ताई वाळून काटकी झाली. यंदा काही झालं तरी तिला घेऊन येतो, असं आईला सांगून मी निघालो होतो. नवा रस्ता त्याच रानातून न्यायचा होता आणि ते काम मी मुद्दाम मागून घेतलं होतं.

"मी नाही यायची," ताई म्हणाली. "हे आत आहेत."

"कशाच्या आत?"

ती भांडी घासत राहिली.

"तुझ्यासमोर रान पार करून दाखवतो. मग येशील?"

"दाखव."

मी गेलो आणि आलो. मोज्यांना कुसळं चिकटली, एवढंच.

"तू कुठे इथला?" ती म्हणाली. "तुला कोण हाक मारणार?"

पण शब्द दिला होता, म्हणून तिने पिशवी भरली. मला इतकं हलकं वाटलं, की दोन दिवसांनी पहिल्यांदा पोटभर जेवलो.

बस संध्याकाळची होती. माझा मदतनीस आलाच नव्हता. मोजणीची दुर्बीण मांडून मी एकटाच चरफडत होतो, तेव्हा तीच म्हणाली, "दे ती पट्टी. मी धरते." आकडे रंगवलेली उंच मोजपट्टी घेऊन ती रानाच्या मधोमध उभी राहिली. मी दुर्बिणीला डोळा लावला.

पट्टी हलली.

"सरळ धर गं!" मी ओरडलो.

ताई माझ्याकडे बघतच नव्हती. शेजारून कुणी हाक मारावी तशी तिने मान वळवली होती. तिचा चेहरा असा फुललेला मी तिच्या लग्नानंतर पाहिला नव्हता.

तिने पट्टी बाजूला टेकवून ठेवली.

पदर सावरला. खुज्या दारातून आत शिरताना वाकतात, तशी वाकली.

मी दुर्बिणीवरून डोळा काढला.

रान रिकामं होतं. पट्टी तिरकी उभी होती, कशालाही न टेकता.

मी धावत सुटलो. घसा फाटेपर्यंत हाका मारल्या. गाव काठावर जमलं, पण आत कुणी आलं नाही. पट्टीजवळ ताईच्या चपला नीट जोडीने काढून ठेवलेल्या होत्या. शेजारी दाजींच्या.

तिच्या उचलायला वाकलो आणि हात मागे घेतला. बाहेर आली, तर अनवाणी कशी चालेल?

आईला काय सांगायचं, तेवढंच डोक्यात घोळवत मी ताईच्या घरी बसून राहिलो. रात्रभर पाऊस कोसळला.

सकाळी रानात चिखलच चिखल होता. चपला कोरड्या होत्या, त्यांच्याखालची मातीही. आणि त्यांच्या पुढ्यात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पागोळ्यांनी पाडलेल्या खळग्यांची एक सरळ ओळ होती.