कमळाखालचं नाव

मुरुडच्या बाजारात सिंधु गोंदणाच्या नक्षीची पाटी मांडून बसली होती, आणि वरून टपकन पांढरा रंग पडला... नेमका तिच्या सगळ्यात देखण्या कमळावर! तिनं मान वर केली. शिडीवर एक तरणा पेंटर स्टँडच्या फलकावरचं ‘जिल्हा उस्मानाबाद’ मिटवून ‘जिल्हा लातूर’ लिहीत होता.

“ओ पेंटर! जिल्हा बदला की खुशाल, माझं कमळ कामून बदलता?”

तो घाईघाईनं उतरला. व्यंकटी त्याचं नाव. पाटी पुसताना त्याची बाही वर सरकली आणि हातावरची तीन निळी अक्षरं दिसली. सुमन.

“बायको?”

“व्हनार व्हती.” त्यानं बाही खाली ओढली. “साखरपुडा झाला आन जत्रंत गोंदून घेतलं. मग आमच्या गावच्या हिरी आटल्या. बिनपान्याच्या गावात पोरगी देत न्हाई म्हनले.”

उतावळा नवरा म्हणतात तो हाच, सिंधुच्या मनात आलं. हसू मात्र आलं नाही.

“या महिन्यात निलंग्याला दुसरी पोरगी बघायला जायचंय,” तो म्हणाला. “हे झाकता येतंय का? मी एक हात पांढरा मारला की जुना जिल्हा गायब.”

“कातडीवर पांढरा बसत न्हाई. कमळ काढावं लागंल.” तिनं पाटीवर बोट फिरवलं. “ही कळी, पोरी काढतेत. हे देठाचं, लक्ष्मीच्या हातातलं. आन हे पसरट, बुद्धाच्या आसनाचं. नाव झाकायला याच्याच पाकळ्या पुरतेत.”

“पन कमळच का?”

“चिखलातून येतंय, पन चिखल अंगाला लावून घेत न्हाई.”

“औंदा चिखलाला तरी पानी कुठंय?”

“म्हनून तर हातावर काढायचं!”

एका बाजाराला एक अक्षर, असं ठरलं. पहिल्या बाजारी ‘सु’ पाकळीखाली गेला, दुसऱ्या बाजारी ‘म’. व्यंकटी येताना टँकरच्या रांगेत उभं राहून तिच्या सुया धुवायला कळशीभर पाणी आणायचा. गोंदायचं मशीन गुणगुणायचं, त्याचा हात तिच्या गुडघ्यावर असायचा, आणि तो सुईकडं सोडून भलतीकडंच बघायचा.

“गिऱ्हाईक पानी घिऊन येतंय म्हंजी नुसतं गिऱ्हाईक न्हाई गं,” मागं बसलेली तिची आई भामाबाई अडकित्त्यानं सुपारी कातरत म्हणाली.

सिंधुला आठवडाभर चैन पडेना. बाजाराचा दिवस कधी येतो असं व्हायचं, आणि तो येऊच नये असंही वाटायचं. आपण पाकळ्या कुणासाठी भरतोय? निलंग्याच्या त्या पोरीसाठी! आपल्याच हातानं त्याला सजवून दुसरीकडं पाठवतोय. तिसऱ्या बाजारी ‘न’ची पाळी आली, आणि सिंधुनं सुई हलकी धरली. अगदी हलकी.

मग मात्र मन खायला उठलं. पाकळी फिकी पडेल, नाव दिसेल, बिचाऱ्याचं दुसऱ्यांदा मोडेल... रविवारी पोरगी बघायची होती. त्या दिवशी तिनं भाकरी दोनदा करपवली.

पुढच्या बाजारी तो आला. पाकळीखालून ‘न’ चांगला ठसठशीत डोकावत होता.

“मोडलं,” तो म्हणाला.

सिंधुच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “माझ्यानं मोडलं. मी... मी मुद्दाम सुई हलकी धरली व्हती.”

व्यंकटी आधी बघतच राहिला. मग असा हसला की शेजारचा बांगडीवालाही वळला. “आन मी मुद्दाम खपली खरवडली! पाव्हन्यांम्होरं बाही बी मीच वर केली.”

“कामून?”

“पाकळी भरली असती तर... तुझ्याकडं यायला कारन काय ऱ्हायलं असतं?”

सिंधुनं त्याचा हात ओढून गुडघ्यावर घेतला आणि ती तो सोडेचना.

“पन आमच्या गावात अजून बी पानी न्हाई,” तो हळूच म्हणाला. “आधीच सांगतो.”

“कळशी कोन आनंल?”

“मीच की!”

“मग झालं तर.”

तिनं मशीन सुरू केलं. मागून भामाबाईच्या अडकित्त्याचा आवाज थांबला.

“सिंधे, आता तरी सुई दाबून धर गं. त्या दिशी मी बघत नव्हते व्हय?”