कांदे चिरणारा मुलगा

आमच्या समुद्रकाठच्या महदिया गावात वाळवणावर पाऊस म्हणजे घरात सुतक. उन्हाळ्याच्या शेवटी बायका मिळून रव्याचे बारीक दाणे वळून वर्षाचा कुसकुस करतात, गच्चीवर चादरींवर पसरतात, आणि आई मला राखणीला बसवते. त्या दुपारी आभाळ न सांगता फुटलं. मी एकटी धावपळ करत होते, तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून एक अनोळखी तरुण कठडा ओलांडून आला.

"हे टोक धर!"

"पण तू कोण?"

"आधी कुसकुस, मग ओळख!"

जिन्यात पोचलो तेव्हा दोघंही चिंब. त्याच्या डाव्या कानावर जाईचा इवलासा गुच्छ होता... डावा कान म्हणजे गडी मोकळा, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

"मुद्दाम डावीकडे खोवलायस?" मी विचारलं.

"उजवीकडे खोव असं अजून कुणी म्हटलंच नाही."

मी तिथेच घसरले. जिना कोरडा होता तरी.

त्याचं नाव इस्कंदर. शेजारी खोली घेऊन कादंबरी लिहायला ट्यूनिसहून आलेला. वयात येणाऱ्या मुलाची गोष्ट लिहायची होती, पण गाडी पहिल्या पानावरच अडलेली. "माझं पोरपण फार सुखात गेलं गं, बेया. वकिलाचा लाडका मुलगा मी. लिहू काय, कपाळ?" आणि मग हळूच — "तू सांग ना... सोळाव्या वर्षी तू कशी होतीस?"

असं मला कुणी विचारलंच नव्हतं. सगळे विचारत ते लग्नाचं. मी सांगत गेले. झुहैर रात्रीच्या होडीने इटलीला निघाला, होडी पोचलीच नाही. तो माझा कोण, हे घरात ठाऊक नव्हतं, म्हणून रडायचीही चोरी. मग मी रोज आईकडून कांदे ओढून घ्यायचे. चिरायचे आणि रडायचे. आई म्हणायची, पोरगी कामाला लागली!

इस्कंदरचे डोळे भरून आले. माझा हात हातात घेऊन म्हणाला, "पुस्तक येऊ दे. भर सभेत सांगेन, ही गोष्ट बेयाने दिली. मग आईला घेऊन तुमच्याकडे येतो, मागणी घालून फातिहा पढायला. चालेल... सभेत तुझं नाव घेतलेलं?"

"घे," मी म्हटलं. "रडायची चोरी पुरे झाली आता."

वसंतात पुस्तक आलं. समारंभाला मी ट्यूनिसला गेले, पहिल्या रांगेत बसले. त्याने उतारा वाचला. एक मुलगा मित्रासाठी कांदे चिरत रडतो. मुलगा! आणि ज्याने जन्मात कांदा चिरला नाही, तो इस्कंदर वाचताना मधेच थांबून आवंढा गिळत होता.

कुणीतरी विचारलं, "हे लिहावंसं कशामुळे वाटलं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी सावरून बसले.

"काय सांगू..." तो म्हणाला. "हे सगळं मीच भोगलंय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारची बाई डोळे पुसत मला म्हणाली, "किती सोसलंय गं बिचाऱ्याने!"

"हो ना," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

बाहेर त्याने मला गाठलं. "रागावलीस? अगं, तुझी बदनामी नको म्हणून..."

"मी हो म्हटलं होतं, इस्कंदर."

"ऐनवेळी... सगळे माझ्याकडे बघत होते गं. फार बरं वाटलं." हे मात्र तो खरं बोलला. म्हणून तर जास्त लागलं. माझं त्याच्यावर प्रेम होतं, तेव्हाही होतं.

"शुक्रवारी आईला आणतो ना?"

"नको आणूस."

"बेया! तिची तयारी झालीये. काय सांगू मी तिला?"

"सांग काहीही. लेखक आहेस," मी म्हटलं. "आणि नाहीच काही सुचलं, तर मला विचारायला येऊ नकोस."