तांबट गल्लीचा स्वभावांक

तांबट गल्लीतले ठोके थांबले, की खांबावरची हिरवी पट्टी पिवळी होई. मग मुकुंद करडे हातातला चहा तसाच ठेवून पुन्हा हातोडी उचलत.

ती पट्टी गल्लीचा ‘स्वभावांक’ दाखवायची. शहर वाढताना जुन्या वस्त्या पुसल्या जाऊ नयेत म्हणून ‘स्थलरक्षक’ नावाची संगणक-प्रणाली बसवली होती. खांबांवरचे संवेदक वस्तीचे आवाज, वास, वर्दळ टिपत आणि तिचं वेगळेपण आकड्यात मांडत. आकडा टिकला, तर जुनी घरं सुरक्षित. घसरला, तर तिथे उंच इमारतींना आपोआप परवानगी.

ही प्रणाली रचणारी नगररचनाकार वृंदा साळवेकर आज करड्यांच्या कारखान्यात बसली होती. करड्यांच्या मुलीने, मैथिलीने, तिला बोलावलं होतं.

“बाबांच्या बोटांना आता काही जाणवत नाही,” मैथिली म्हणाली. ती फिजिओथेरपिस्ट होती. “डॉक्टरांनी हातोडी बंद करायला सांगितलीय.”

“बंद करून कसं चालेल?” करडे म्हणाले. “बाकीचे कारखाने केव्हाच बसले. आता ठोका फक्त माझा. मी थांबलो तर सगळी गल्ली उठेल, ताई. शेजाऱ्यांना काय तोंड दाखवू?”

“ध्वनिमुद्रण लावून पाहिलंत?”

“पाहिलं ना. पट्टी आणखी उतरली. तुमच्या यंत्राला खरा ठोका ओळखता येतो.”

ते वृंदानेच त्याला शिकवलं होतं. तिने लॅपटॉप उघडून आपल्या नावाने गल्लीसाठी सवलत मागितली. उत्तर लगेच आलं: कोणत्याही व्यक्तीला हा निर्णय बदलता येणार नाही. हे कलमही तिच्याच आग्रहाचं. आधीचे सगळे आराखडे बिल्डरांनी वाकवले होते, म्हणून तिने माणसाचा हातच काढून घेतला होता. ते कलम मंजूर झालं त्या दिवशी याच गल्लीने पेढे वाटले होते.

तिने वरिष्ठांना फोन लावला. “कायदाच बदलावा लागेल,” ते म्हणाले. “बघू, पुढच्या अधिवेशनात.”

फोन ठेवते तोच मैथिली किंचाळली. हातोडी करड्यांच्या अंगठ्यावर बसली होती. हंड्यावर रक्त ओघळत होतं आणि त्यांना पत्ताच नव्हता. ते ठोकतच होते.

मैथिलीने हातोडी काढून घेतली, अंगठा फडक्याने बांधला. तोवर पट्टी पिवळी होऊन नारिंगीकडे झुकली होती. समोरच्या घरांतून माणसं दारात आली. सगळी खांबाकडे बघत राहिली.

मैथिली बापाच्या जागी बसली. पहिले ठोके वेडेवाकडे पडले. “कोपर अंगाशी धर,” करडे पुटपुटले. तिने धरलं. बऱ्याच वेळाने पट्टी हिरवी झाली आणि दारातली माणसं सुटकेचा श्वास टाकून आत गेली.

मैथिलीचा फोन वाजत होता. दवाखान्यात पेशंट खोळंबले होते. तिने हातोडी खाली ठेवली. पट्टी लगेच फिकटली. तिने ती पुन्हा उचलली आणि मान वर न करता विचारलं,

“मॅडम, आता तुमच्या यंत्राला माझाही हात ओळखू यायला लागला. मी उठायचं कधी?”