जिनिंग चौकातला ड्रम

सुचितानं रस्ता मोजायच्या टेपचं एक टोक एका उभ्या मोटारसायकलला अडकवलं आणि दुसरं हातात धरून ती रस्ता ओलांडू लागली. चुकलं ते इथंच. नांदुऱ्याच्या जिनिंग चौकात जी गाडी उभी दिसते ना, ती उभी नसते, निघायच्या बेतात असते! हातातली टेप सर्रकन पळायला लागली तेव्हा बाईसाहेबांना ते कळलं.

“ओ भाऊ! थांबा! अहो — टेप!”

ऐकतो कोण? इकडे एसटी कोकलत होती, तिकडे कापसाची ट्रॉली वळता वळेना, आणि मधोमध एक गाय निवांत बसलेली. टेप ताणली गेली, तटकन तुटली आणि मोटारसायकल शेपूट मिरवत स्टेशनकडे निघाली. पुढं गर्दीतच अडकली म्हणून बरं. चालवणारा उतरला, मागं पाहिलं आणि तुटकी टेप गुंडाळत परत आला. उंच, सावळा, कॉलरला भली मोठी सुई खोचलेली.

“हे तुमचं हाय का, मॅडम?”

“नाही, तुमच्या गाडीचं आहे. शेपूट!”

तो चक्क हसला. एवढ्या कालव्यात माणूस हसू कसा शकतो, याचाच सुचिताला संताप आला.

त्याचं नाव गोकुळ. चौकाच्या कोपऱ्यावर गाड्यांच्या सीट कव्हरचं त्याचं दुकान. ती मेहकरची, नगरपालिकेत नुकतीच लागलेली इंजिनिअर. हा चौक सुधारला पाहिजे असं गावात जो तो म्हणायचा, आणि सुधारायला गेलं की जो तो आडवा यायचा. आधीचे सगळे नकाशे कपाटात जाऊन बसले होते. सुचितानं मात्र हट्टानं नवा बेत मांडला होता. चौकात मधोमध एक लहानसं सर्कल, गाड्यांनी त्याला वळसा घालूनच जायचं. आधी रेतीनं भरलेले ड्रम गोलात मांडायचे, आठवडाभर पाहायचं, आणि शुक्रवारी बुलडाण्याहून साहेब येऊन ठरवणार. गाड्या नीट वळल्या तर पक्कं बांधकाम, नाहीतर हाही नकाशा कपाटात. “पोरगी नवी आहे, हौस फिटू द्या,” असं ऑफिसात कोणीतरी म्हणालेलं तिच्या कानावर आलं होतं. ते तिला फार लागलं होतं.

“टेप तोडलीत ना? मग आता टोक धरा,” ती म्हणाली.

“कधीलोक?”

“मी सोडा म्हणेपर्यंत.”

“आन् तुमी म्हनलंच नाही तं?”

सुचितानं मान वर केली. तो अगदी साळसूद चेहऱ्यानं उभा होता.

“सरळ धरा. हलू नका!”

“हाव मॅडम... पन एक सांगू का? केसात कापूस अडकला तुमच्या.”

“अडकू द्या!”

ऑफिसात आरशासमोर तो कापूस काढताना मात्र तिला हसू फुटलं. मग हसू आलं म्हणून ती स्वतःवरच चिडली.

सोमवारी ड्रम मांडले. काही झालं तर कळवतो, म्हणून गोकुळनं तिचा नंबर घेतला. आणि मंगळवारी सकाळीच त्याचा फोन. “मॅडम, ड्रम सरकला! बस अडकली! या लवकर!”

ती स्कूटी दामटत आली. गोकुळच्या दुकानासमोरचाच एक ड्रम रस्त्यात आलेला, आणि त्याच्या मागं अख्खा नांदुरा हॉर्न वाजवत उभा.

“कोणी हलवला हा?”

“ट्रॉलीवाल्यानं असंल,” गोकुळ हळहळला. सगळ्यांना बाजूला सारून त्यानंच तो ड्रम जागेवर ढकलला, घाम पुसला, चहा मागवला.

बुधवारी पुन्हा तोच ड्रम.

“गायीनं असंल, मॅडम.”

“गाय रेतीचा ड्रम ढकलते?”

“आमच्या इकडच्या गायी लय ताकदीच्या हायेत.”

“मी पण बुलडाणा जिल्ह्यातलीच आहे! मला गायी शिकवता?”

त्यानं चहाचा कप पुढं केला आणि तिच्या स्कूटीच्या सीटवरून हात फिरवला. “कव्हर शिवून देऊ का?”

“फाटली की बघू.”

“कंपनीची सीट हाय. लवकर फाटत नाही,” तो उसासा टाकून म्हणाला. “नशीबच खराब आमचं.”

गुरुवारी सकाळी सुचितानं निळा कुर्ता घातला आणि फोन हाताशी घेऊन बसली. ड्रम हलू नये म्हणून जीव तुटत होता, आणि फोन यावा म्हणूनही! याला काय म्हणावं? फोन आला. ती धावली. रात्रभर न झोपलेल्या चेहऱ्यानं ती म्हणाली, “गोकुळ, उद्या साहेब येणार. रोज गाड्या तुंबल्याच्या तक्रारी त्यांच्याकडं गेल्यात. माझं पहिलंच काम आहे हो... आणि ते बुडणार.”

गोकुळनं मान खाली घातली.

शुक्रवारी ती कुणी न बोलावता, दुकानं उघडायच्या आतच आली. आणि पाहते तर काय! गोकुळ ड्रमला मिठी मारून उभा, सगळा जोर लावून सरकवतोय.

“गोकुळ!”

तो दचकला. “काल जरा तिरपाच राह्यला होता. जागेवर ठिवून राह्यलो, मॅडम... पक्कं. आता हलनार नाही.”

“आता? म्हणजे आधी...?”

कोपऱ्यावर मेथीच्या जुड्या बांधणाऱ्या कलाबाईनं वरही न पाहता सांगून टाकलं, “रोज थोच हलवते, माय. मले वाटलं तुले ठाऊक असंल!”

सुचिताचं डोकंच फिरलं. “काऊन? काय बिघडवलं होतं मी तुमचं? कोणाची गाडी आदळली असती म्हणजे? माझं काम गेलं ते गेलंच, पण माणूस गेला असता तर?”

“चुकलं,” तो पडेल आवाजात म्हणाला. “ड्रम जागेवर राह्यला तं तुमी येनार काऊन, असं वाटलं... याच्या पुढचं डोक्यातच नाही आलं.”

तिला रडू येत होतं आणि रागही. एवढं गोड कारण आणि एवढा मूर्ख माणूस!

साहेब आले. कागद चाळत म्हणाले, “रोज खोळंबा झालाय. सर्कल इथं चालणार नाही, असंच दिसतं.”

सुचिता कात्रीत सापडली. खरं सांगावं तर कारणही सांगावं लागणार, आणि ते कोणत्या तोंडानं सांगायचं?

“नकाशा बराबर हाय, साहेब,” गोकुळ गर्दीतून पुढं आला. “ड्रम मी हलवत होतो.”

“काऊन बे?” साहेबही इकडचेच निघाले.

अख्खा चौक ऐकत होता. बसच्या ड्रायव्हरनं हॉर्नवरचा हात काढला.

“ड्रम हलला की मॅडम येते,” गोकुळ पायाकडं बघत म्हणाला. “आन् मॅडम आली की... बरं वाटते.”

कुणीतरी शिट्टी मारली. सुचिताचे कान लालेलाल झाले. साहेबांनी चष्मा पुसला, कलाबाईच्या पोत्यावर बैठक मारली आणि दुपारपर्यंत तिथून हलले नाहीत. ड्रमही हलला नाही. बस वळली, ट्रॉली वळली, गायसुद्धा उठून कडेला गेली. “बांधा,” उठताना ते म्हणाले. “पण असं बांधा, की कोण्या पोट्ट्याले हलवता येऊ नये.”

ते गेल्यावर ती गोकुळसमोर उभी राहिली. “परत फोन करायचा नाही. समजलं?”

“हाव.”

आणि त्या शहाण्यानं खरंच केला नाही! बांधकाम सुरू झालं, सर्कल उभं राहिलं, गाड्या गुमान वळायला लागल्या. ती रोज कामावर यायची. तो मशीनवरून मान वर करायचा नाही. एरवी कुणाचं न ऐकणारा माणूस नको तिथं आज्ञाधारक झाला, याची तिला इतकी चीड आली की एक दिवस तिनं घरातून निघायच्या आधी स्कूटीजवळ उभं राहून मनाशी काहीतरी ठरवलं.

दुपारी स्कूटी त्याच्या दुकानासमोर लागली.

“सीट फाटली,” ती म्हणाली.

गोकुळ बाहेर आला. फाटलेल्या जागेवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. एका रेषेत, सरळ, इंजिनिअरनं आखल्यासारखी चीर.

“मॅडम... हे फाटलं नाही. ब्लेडनं कापलं कोनं तरी.”

“मग? ड्रम तरी कुठं आपोआप सरकत होता?”

कॉलरची सुई काढता काढता त्याचा हात थांबला. तो तिच्याकडं बघतच राहिला. या वेळी तिनंही नजर वळवली नाही.

“बसा,” तो हळूच म्हणाला. “येळ लागन.”

सुचितानं स्टूल ओढलं. “लागू दे,” ती म्हणाली. “मले घाई नाही.”