पेटीच्या दोन पट्ट्यांमधली बासरी

या मंडळी, जरा पुढं येऊन बसा. चहा येतोय तोवर एक गोष्ट सांगतो. कीर्तनातलीच आहे, पण कुणा कीर्तनकाराच्या तोंडून ती तुम्हाला ऐकायला मिळायची नाही. भ्यायचं कारण नाही. देवाच्या दारात घडली आहे, तीही भर दुपारी.

वरवट बकालच्या अनंत मास्तरांना वैतागायला एरवीही फार वेळ लागत नसे. त्या चैत्रात तर कारणही तसंच होतं. सप्ताह तोंडावर आलेला, त्यात चार दिवसांनी दुपारचं कीर्तन त्यांच्या लेकीचं, श्रद्धाचं. आणि मास्तरांनी पंधरा वर्षं तेल पाजून जपलेली वेळूची बासरी उन्हानं उभी तडकलेली.

दुसऱ्या कुणाचं कीर्तन असतं तर पेटीवर भागलं असतं. श्रद्धाची गोष्ट वेगळी. गेल्या वर्षी धामणगाव बढ्याला ती पहिल्यांदा उभी राहिली आणि दहाव्या मिनिटाला भर मंडपात तिचा सूर सुटला. साथीला नुसती पेटी होती; पेटी एकीकडे, पोरगी एकीकडे. लोक हसले असते तरी परवडलं असतं. ते नुसते खाली बघत बसले. हात जोडून ती उतरली, तेव्हापासून वर्षभर तिनं घरात साधी आरती गुणगुणली नाही. यंदा कशीबशी तयार झाली, तीही एका अटीवर. "बाबा, मांगं तुमची बासरी असंल तरच उभी राहीन. नाही तं पुन्हा कधी नाही."

चांगली बासरी मागवायची तर नागपूर नाही तर पुणं. चार दिवसांत कुठली येते! मास्तर आठवडी बाजार पालथा घालत हिंडले. शेवटी एका खेळण्यांच्या पालावर, पिपाण्यांच्या ढिगात, एक बासरी हाताला लागली. लाकडी. खरादावर काढलेली, बिनरंगाची, जड. पालवाली बाई उलटीपालटी करून म्हणाली, "हे मह्या मालातली नाही वाटत. न्या, काय द्याचं ते द्या."

घरी आणून पेटीशी ताडून पाहिली. आवाज गोड, पण सूर काळी चारच्या वर आणि पांढरी सहाच्या खाली, पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांच्या मधेच. धड इकडं नाही, धड तिकडं नाही.

"फेकून द्या ते," श्रद्धाची आई शकुंतलाबाई चुलीपासूनच म्हणाल्या. "लेकराच्या खेळण्यावर कीर्तन करता काय?"

"सुधरवता येते ती."

"तुमच्यानं मोरीचा नळ सुधरत नाही दोन वर्सांपासून."

मास्तर तणतणत फकीर मोहम्मदच्या दुकानी गेले. फकीर मोहम्मद खरादी, लाकूड कातणारा. लाटणी, खाटेचे पाय, पाळण्याचे खांब करायचा. सप्ताहातल्या वीणेच्या खुंट्यासुद्धा त्याच्याच हातच्या. त्यानं बासरी डोळ्याला लावली, भोकांची मापं घेतली, आणि खाली ठेवली.

"मास्तर, हिच्यामांगं नका लागू."

"काऊन? एवढी बेकार हाय?"

"बेकार असती तं सुधरवली असती. साऱ्या भोकायचं माप बरोबर हाय. कारीगर कुठंच चुकला नाही. त्यानं पुरी बासरीच तुमच्या पेटीपासून हटून बनवली. मुद्दाम."

"मुद्दाम कोण बनवते असं, फकीरभाई?"

"तेच तं मले समजून नाही राह्यलं."

पण मास्तर हटेनात. शेवटी फकीर मोहम्मदनं बूच जरा सरकवलं आणि गोल कानशीनं एकेक भोक वरच्या अंगाला कोरलं. तासाभरात बासरी पांढरी सहाला तंतोतंत लागली. मास्तर घरी गेले ते वाटेतच वाजवत.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुंकर घातली, तर सूर पुन्हा खाली. होता तिथंच.

मास्तर चहा टाकून दुकानी. "भाई, काम असं करतात काय? दाखवण्यापुरतं?"

फकीर मोहम्मदनं भोकं पाहिली आणि तोही भडकला. "थट्टा करता काय मास्तर? मी कोरली ते बासरी ठेवली घरी, आन् बाजारातून दुसरी घेऊन आले!"

"दुसरी? एकच होती त्या पालावर!"

"मंग माही कानस खोटी हाय?"

दोघंही पन्नाशी उलटलेले, पण पोरांसारखे भांडले. शेजारचा पंक्चरवाला हातातली ट्यूब सोडून बघत उभा राहिला. अखेर भाईनं भोकं पुन्हा कोरली आणि बासरीच्या शेपटाला आरीनं आपली खूण टोचली, तीन टिंबं. "आता उद्या पाहू कोण खोटा ते."

उद्या आला. तीन टिंबं जागच्या जागी होती. भोकं मात्र पहिल्या मापाची. मेण नाही, लाख नाही, सांधा नाही. कडा जुन्या, गुळगुळीत, जशी कानस कधी लागलीच नव्हती.

फकीर मोहम्मदनं एकेका कडेवरून अंगठा फिरवला. मग बासरी फडक्यात गुंडाळून त्यानं मास्तरांच्या हाती दिली आणि माठाशी जाऊन हात धुतले.

"तीस वर्सं झाले भुसा झाडून राह्यलो, मास्तर. एक कण लाकडाकडे परत गेलेला पाह्यला नाही. आता मी हिले हात लावत नाही. वाजवाची तं जशी हाय तशी वाजवा."

"जशी हाय तशी काय वाजवू? पोरीचं वाटोळं करू?" मास्तर ओरडले. फकीर मोहम्मदनं खराद सुरू केला.

कीर्तनाच्या दिवशी मास्तरांनी रागारागात ठरवलं, की बासरी नुसती मांडीवर ठेवायची. पोरीला दिसली म्हणजे झालं. सूर पेटी देईल. ते मंदिराच्या भिंतीकडे पाठ करून बसले. पेटीवर कुलदीप होता. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि पत्र्याच्या सावलीत दीडदोनशे माणसं पदरानं, टोपीनं वारा घेत होती.

कुलदीपनं पांढरी सहा धरली. श्रद्धानं तोंड उघडलं. आवाज कापत होता. पेटीच्या मागं धावत ती वर चढली, घसरली, पुन्हा चढली. पुढच्या रांगेतल्या बायका खाली बघू लागल्या.

तिनं वळून बापाकडं पाहिलं.

त्या नजरेपुढं मास्तरांचा सगळा राग गळाला. त्यांनी बासरी उचलली आणि होती तशी फुंकली.

श्रद्धाचा आवाज त्या सुरावर उतरला आणि बसला. कापरं गेलं. कुलदीपनं दोनदा पट्ट्या चाचपल्या आणि मुकाट्यानं भाता मिटला. मास्तरांना तेव्हा कळलं, की पोरीचा सूर पहिल्यापासून तिथंच होता, दोन पट्ट्यांच्या मधे. घरी तिला साथ करताना जुन्या बासरीवर ओठ वाकवून वाकवून ते नकळत तिथंच जात होते. आणि चार दिवस तेच पुसून काढायला निघाले होते.

रंग असा चढला, की टाळकरी उभे राहिले. बायका डोळे पुसत होत्या.

पाऊण तासानं घाम मास्तरांच्या डोळ्यात गेला. त्यांनी बासरी खाली केली.

श्रद्धाची लांब तान चाललेली होती. तिचा सूर हलला नाही.

टाळांच्या कल्लोळात बाकी काही ऐकू येत नव्हतं. पण पोरगी कुठल्या तरी सुराला धरून होती, आणि तिची नजर मास्तरांवर नव्हती. त्यांच्या डोक्याच्या हातभर वर होती. मागं.

मास्तरांच्या मागं भिंत होती. पाठ आणि भिंत यांच्यात वीतभर जागा.

त्यांनी मागं पाहिलं नाही.

कीर्तन संपलं. त्या देवळाची रीत अशी, की कीर्तनकारानंच एकेकाच्या कपाळी बुक्का लावायचा. रांग लागली. म्हातारी पुष्पाबाई पाया पडून गेली. तिच्या मागच्या माणसानं पुढं सरकायला हवं होतं. तो थांबून राहिला, एका माणसाची जागा मोकळी सोडून. त्याचं त्यालाही कळलं नसावं.

श्रद्धानं अंगठा बुक्क्यात बुडवला, टाचा उचलल्या, आणि हात खूप वर नेला.

हात खाली आला तेव्हा अंगठा स्वच्छ होता.

"कोणाले लावला, बेटा?" मास्तरांनी विचारलं.

ती हसली. वर्षभरात पहिल्यांदा. "असं काय करता बाबा? सूर देत होते न मले. तुमीच तं सोबत आणलं त्यायले."

श्रद्धा आता गावोगाव कीर्तनं करते, सूर कधी सुटत नाही. मास्तर रोज सांजेला देवापुढं घरच्यांची, गेलेल्यांची नावं घेतात, आणि शेवटी ठाऊक नसलेलं एक नाव यायच्या जागी थोडं थांबतात. तुम्हीही आज नाम घ्याल तेव्हा, मंडळी, तेवढं थांबा. त्या बासरीमागच्या उंच माणसाची आठवण ठेवा.