सातव्या मजल्यावरचा टॉवेल

"तो टॉवेल कालचाच आहे!" मुंगीनं वर बोट दाखवलं. "कबुतरानं घाण करून ठेवलीय, तरी जागचा हललेला नाही!"

"मशीनवाले आजोबा घाणेरडा टॉवेल ठेवतील? शक्यच नाही!" वकील म्हणाला. भोंगा नुसताच घाबरला. इमारतीतल्या या तीन पोरांना सगळे याच टोपणनावांनी हाका मारत.

पूर येऊन पाच दिवस झाले होते. वीज नाही, लिफ्ट बंद, फोन मेलेले. म्हणून इमारतीनं ठरवलं होतं, सकाळी प्रत्येक घरानं कठड्यावर टॉवेल टाकायचा आणि संध्याकाळी आत घ्यायचा. टॉवेल दिसला म्हणजे त्या घरी सगळं ठीक!

शिलाई मशीन दुरुस्त करणारे आजोबा सातव्या मजल्यावर एकटेच राहत. शेजारची घरं पुराआधीच गावाला गेलेली, त्यांचे टॉवेल वॉचमन टाकायचा. तिघांनी आजोबांचं दार बडवून पाहिलं होतं. आतून हूं की चूं नाही!

तिघं धावतच सेक्रेटरीकाकांकडे गेली. सगळ्या घरांच्या जादा किल्ल्या त्यांच्याच कपाटात होत्या.

"सकाळी आठला मी स्वतः मोजलेत. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस! डोकं खाऊ नका."

"पण काका, संध्याकाळी कोण मोजतं?" मुंगीनं विचारलं.

"संध्याकाळी कशाला मोजायचे?"

"तेच तर! आम्ही हाका मारल्या, ते ओ देत नाहीत!"

"कमी ऐकू येतं त्यांना."

"भोंग्याची हाकसुद्धा?"

"टॉवेल नसेल, त्याच घराची किल्ली निघेल. नियम म्हणजे नियम! पळा!"

मुंगीचे डोळे भरून आले. पहिल्याच रात्री तिचा तान्हा भाऊ अंधारात रडत होता, तेव्हा आजोबांनी आपली एकुलती एक बॅटरी खाली पाठवली होती. अशा माणसाला वाऱ्यावर सोडायचं? मुळीच नाही!

"नियम हवाय ना काकांना?" तिनं डोळे पुसले. "देऊ या! सगळ्यांना टॉवेल आत घ्यायला सांगू!"

"आयडिया भारी आहे!" वकील उडालाच.

मग जिन्यावर नुसती धावपळ! "आजोबांसाठी ना? हा घेतला बघ आत!" तिसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणकाकू म्हणाल्या. वॉचमनदादांनी तर न विचारताच वरच्या बंद घरांचे टॉवेल काढले. अर्ध्या तासात आजोबांचा सोडून सगळे कठडे ओकेबोके झाले.

"काकाऽऽ!" भोंग्यानं अंगणातल्या गुडघाभर पाण्यात उभं राहून आवाज लावला. "टॉवेल गायब! किल्ल्या काढा!"

सेक्रेटरीकाका बाहेर आले, वर पाहिलं आणि लालबुंद झाले. "हा काय चावटपणा?"

"सत्तावीस घरं उघडणार, की ते एकच?" मुंगी त्यांच्यासमोर ठाम उभी राहिली.

"एकच उघडा!" कठड्याकठड्यावरून लोक ओरडले. काकांनी मुकाट्यानं किल्ली काढली.

आजोबा न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडले होते, पाय मुडपलेला. तिथं खिडकी नव्हती, भरदुपारीही काळोख. काल दुपारी तिथंच घसरले होते.

"भोंग्या, ऐकली रे तुझी हाक," ते कसेबसे कुजबुजले. "ओरडून ओरडून माझाच आवाज बसला होता."

मुंगी त्यांच्याजवळ खाली बसली. "आजोबा, तुमची बॅटरी आमच्याकडे होती…"

"मग? बाळ झोपलं ना नीट?"

मुंगी हमसून हमसून रडली.

खुर्चीत बसवून, मजल्यामजल्याला हात बदलत, लोकांनी आजोबांना पहिल्या मजल्यावरच्या नर्सताईंकडे आणलं. वरपासून खालपर्यंत खुर्चीचा पुढचा पाय सेक्रेटरीकाकांनीच धरला होता. खाली टेकल्यावर धापा टाकत ते म्हणाले, "चुकलं माझं. तुम्ही हट्ट धरलात म्हणून बरं झालं, पोरांनो. संध्याकाळची मोजणी आता तुमची!"

"शाबास!" नर्सताईंनी पायाला फळी बांधता बांधता तिघांकडे पाहिलं.

सगळ्यांनी टॉवेल पुन्हा बाहेर टाकले होते, आजोबांचाही, नर्सताईंच्या कठड्यावर. संध्याकाळी एकेका कठड्यावरून ते आत गेले. भोंगा खणखणीत आवाजात मोजत होता. "पंचवीस… सव्वीस… सत्तावीस!"

मुंगीनं श्वास रोखला.

"अठ्ठावीस!" पहिल्या मजल्यावरून घोगरा आवाज आला. "घेतला गं आत!"